टेस्ट कुठल्या मशीनवर चालली?

डिप्लोमा झाल्यावर दोन वर्षं मी वाळूजला एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. तिथे मायक्रोमीटर हातात मिळायच्या आधी रिपोर्टचा वरचा भाग भरायला शिकवला. पार्ट नंबर, मशीन नंबर, ऑपरेटर, शिफ्ट, कुठल्या गेजने मोजलं त्याचा नंबर, त्या गेजचं कॅलिब्रेशन कधीपर्यंत चालतं ती तारीख. हे भरल्याशिवाय खालच्या रकान्यात एकही माप लिहायचं नाही. एकदा घाईत मी मापं आधी लिहिली. वरचं नंतर भरू म्हटलं. सुपरवायझर सरांनी कागद परत दिला आणि एवढंच विचारलं, "ताई, ही मापं कुणाची?"

वरच्या भागात तापमानाचाही रकाना होता. लांबीचं माप जगभर २० अंश सेल्सिअसला धरतात. पोलाद तापलं की वाढतं, मीटरमागे दर अंशाला साधारण साडेअकरा मायक्रॉन. मे महिन्यात वाळूजच्या पत्र्याच्या शेडमध्ये पारा सहज ४० वर जातो. म्हणजे १०० मिलिमीटरचा शाफ्ट तिथे २३ मायक्रॉन लांब भरतो. तापलेला शाफ्ट थंड स्टँडर्ड रूममधून आणलेल्या गेजने मोजला आणि टॉलरन्स २० मायक्रॉनचाच असला, तर चांगला पार्ट रिजेक्ट होतो. उलटंही होतं, लहान पार्ट पास होऊन ग्राहकाकडे जातो. दोन्ही वेळा मोजणाऱ्याची चूक नसते. माप खरंच असतं, पण कुठे आणि कशात घेतलं हे कागदावर नसलं तर ते वाचता येत नाही.

आता मी चिकलठाण्याला सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. सुट्या भागांच्या पुरवठादारांसाठी बिलं आणि चलनं बनवणारं सॉफ्टवेअर आहे. १९८५ मध्ये बजाजचा कारखाना वाळूजला आला, तेव्हापासून त्याच्याभोवती असे शेकडो पुरवठादार उभे राहिले. आमचं गिऱ्हाईक तेच. काम बदललं तरी सरांचा तो प्रश्न मला रोज भेटतो. फक्त शब्द बदललेत: टेस्ट फेल झाली, पण कुठल्या मशीनवर?

ऑटोमेटेड टेस्ट म्हणजे काय, हे ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आपलं सॉफ्टवेअर वापरून बघणारं दुसरं छोटं सॉफ्टवेअर आपणच लिहितो. ते बिल तयार करतं, रक्कम टाकतं, कर बरोबर लागला का ते तपासतं आणि पास किंवा फेल म्हणतं. अशा शेकडो टेस्ट एका दमात चालतात, बहुतेक वेळा रात्री, समोर कुणी नसताना. चालताना जे जे घडतं त्याची ओळीमागून ओळ नोंद एका फाईलमध्ये होत जाते. तो लॉग. सकाळी आपल्या हाती येतो तो फक्त लॉग. रात्रीचं मशीन तोवर दुसऱ्याच कामाला लागलेलं असतं. क्लाउडवरचं भाड्याचं मशीन असेल तर ते अस्तित्वातही नसतं, काम संपलं की पुसून टाकलेलं असतं. म्हणून मशीनला काय विचारायचं ते टेस्ट चालू असतानाच विचारून लिहून ठेवावं लागतं.

बऱ्याच टीममध्ये हे होत नाही. टेस्टचं नाव आणि निकाल लिहिला की लॉग झाला, असं मानतात. मग एकाच्या लॅपटॉपवर पास आणि दुसऱ्याच्या फेल असं होतं आणि "माझ्या मशीनवर तर चालतंय" हे वाक्य ऐकू येतं. हे वाक्य बोलणाऱ्याला लोक हसतात. मला ते बरोबर वाटत नाही. तो खरं बोलत असतो आणि नकळत महत्त्वाचा पुरावा देत असतो: दोन मशीनमध्ये काहीतरी फरक आहे. तो फरक कोणता, हे सांगायला त्याच्या हातात कागद नसतो एवढंच.

मी आधी ज्या ठिकाणी होते, तिथला एक प्रसंग सांगते. पावतीवर आजची तारीख येते का, हे बघणारी साधी टेस्ट होती. दिवसा चालवली की पास. क्लाउडच्या मशीनवर कधीही चालवा, पास. ऑफिसच्या मशीनवर रात्रीच्या रनमध्ये मात्र कधी पास, कधी फेल. सकाळी येऊन त्याच मशीनवर पुन्हा चालवली की पास. लॉग उघडला तर फेल झालेले रन १९:४०, २०:२५ अशा वेळांचे आणि पास झालेला १८:१० चा. आम्ही म्हटलं, संध्याकाळी ऑफिसात सगळे एकदम काम उरकत असतात, नेटवर्कवर ताण येत असेल. जवळपास आठवडाभर नेटवर्क तपासलं. राउटरही बदलून पाहिला.

नेटवर्कचा त्यात काहीच संबंध नव्हता. लॉगवर वेळ टाकत होता टेस्ट चालवायला लावणारा सर्व्हर, आणि त्याचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर होतं. भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. १९:४० म्हणजे आपल्याकडे रात्री १ वाजून १० मिनिटं. २०:२५ म्हणजे १ वाजून ५५. आणि १८:१० म्हणजे रात्रीचे ११:४०, मध्यरात्रीच्या आधीची वेळ. आता कोडं सुटायला लागतं. सॉफ्टवेअर पावतीवरची तारीख यूटीसीने काढत होतं. टेस्ट मात्र अपेक्षित तारीख मशीनच्या स्थानिक घड्याळाने काढत होती. मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळात आपल्याकडे तारीख बदललेली असते, यूटीसीत कालचीच असते. तेवढ्या वेळात टेस्ट फेल. क्लाउडचं मशीन स्वतःच यूटीसीवर, तिथे दोन्ही तारखा सारख्याच, म्हणून तिथे कधीच फेल नाही. आधीची कामं कधी लवकर आटपत, कधी उशिरा, त्यावर रात्रीचा रन मध्यरात्रीच्या अलीकडे लागतो की पलीकडे ते ठरत होतं. म्हणून ती लहर वाटत होती.

आणि टेस्ट बरोबरच सांगत होती! सॉफ्टवेअरमध्ये दोष होताच. तिसऱ्या शिफ्टमध्ये पहाटे ३ वाजता गाडी भरून चलन काढलं असतं, तर त्यावर आदल्या दिवसाची तारीख आली असती. लॉगवर दोनच गोष्टी असत्या, वेळेपुढे "+००:००" आणि मशीनचा टाइम झोन, तर आठवड्याचं काम दहा मिनिटांत झालं असतं.

त्यानंतर मी रिपोर्टसारखा लॉगचा वरचा भाग लिहायला घेतला. तो साधारण असा दिसतो:

रन सुरू: १४ मे, ०१:१०:२२ (+०५:३०)
मशीन: टेस्ट-३, ऑफिसमधलं, कंटेनर नाही
टाइम झोन: एशिया/कोलकाता
ऑपरेटिंग सिस्टिम: उबुंटू २२.०४, कर्नलची आवृत्ती पूर्ण
प्रोसेसर: मॉडेलचं नाव, ४ कोर
मेमरी: एकूण ८ जीबी, मोकळी २.१ जीबी
डिस्क: मोकळी ११ जीबी
वीज: चार्जरवर
भाषा आणि प्रदेश: मराठी, भारत
ब्राउझर: नाव आणि पूर्ण आवृत्ती
कोड: कमिट क्रमांक
टेस्टचा डेटा: आवृत्ती ३१

एकेका ओळीवर बोलू. सगळ्यांवर सारखं बोलायची गरज नाही. मशीनचं नाव आणि सिस्टिमची आवृत्ती ही मिळवायला सोपी, जवळपास प्रत्येक भाषेत एका ओळीचं काम. कोडचा कमिट क्रमांक, म्हणजे कोडची नेमकी कुठली प्रत ते सांगणारा क्रमांक, तर हवाच, त्याशिवाय आपण काय तपासलं हेच सांगता येत नाही. ब्राउझरच्या बाबतीत "क्रोम" एवढंच लिहून भागत नाही, कारण तो आपोआप अपडेट होतो. काल रात्रीचा क्रोम आणि आजचा क्रोम वेगळे असू शकतात. ब्राउझर चालवायला सेलेनियम वापरत असाल तर ब्राउझर सुरू झाल्यावर त्यालाच त्याची आवृत्ती विचारता येते. तीच लिहावी, आपण मागितलेली नाही.

वीज ही ओळ बाहेरच्या लोकांना चमत्कारिक वाटते. आमच्याकडे ती अनुभवातून आली. लाईट गेली की डेस्कटॉप यूपीएसवर चालतात आणि लॅपटॉप बॅटरीवर येतात. बॅटरीवर आले की बहुतेक लॅपटॉप वीज वाचवायला प्रोसेसरचा वेग उतरवतात. दोन सेकंदांत बिल तयार व्हायला हवं अशी टेस्ट असेल, तर चार्जरवर दीड सेकंदात झालेलं बिल आता अडीच सेकंद घेतं आणि टेस्ट फेल होते. उन्हाळ्यात एसी बंद पडला तरी हेच होतं. प्रोसेसर तापला की स्वतःला जपायला वेग कमी करतो. शाफ्ट तापून वाढतो, प्रोसेसर तापून मंदावतो. लिनक्स प्रोसेसरचा चालू वेग, कमाल वेग आणि चार्जर लागला आहे की नाही, हे साध्या फाइलींमध्ये वाचायला देतं. त्या वाचून लिहिल्या की झालं. मोकळी मेमरी आणि डिस्क मी रनच्या शेवटीही पुन्हा लिहिते. सुरुवातीला ११ जीबी आणि शेवटी शून्य असेल, तर चाळीस टेस्ट एकदम का पडल्या ते वेगळं शोधायला नको.

कंटेनरचं, म्हणजे एकाच मशीनच्या आत प्रोग्रॅमसाठी वेगळ्या राखलेल्या जागेचं, वेगळं सांगायला हवं. कंटेनरच्या आतून मशीनचं नाव विचारलं तर बहुधा अक्षरं-आकड्यांची एक अनोळखी माळ मिळते, आणि कोर किती विचारले तर मूळ मशीनचे सगळे, समजा १६. प्रत्यक्षात कंटेनरच्या वाट्याला दोनच कोरची ताकद दिलेली असू शकते. म्हणून तिथे नेमून दिलेली मर्यादाही लिहावी लागते, नाहीतर १६ कोरच्या मशीनवर टेस्ट इतकी हळू का, यावर माणसं डोकं धरून बसतात.

भाषेची ओळ आपल्यासाठी सगळ्यात मोलाची. इंग्रजी सॉफ्टवेअर तपासणाऱ्यांना तिचं महत्त्व लवकर कळत नाही, मराठीत काम करणाऱ्याला पहिल्याच महिन्यात कळतं. बिलाची रक्कम १२,३४,५६७ अशी यायला हवी. जावास्क्रिप्टला मराठी, भारत असं सांगितलं की ते लाखाच्या हिशेबाने स्वल्पविराम देतं आणि अंकही देवनागरी देतं. पण जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोड या प्रणालीची १३ वी आवृत्ती येईपर्यंत, म्हणजे २०१९ च्या ऑक्टोबरपर्यंत, नेहमीच्या प्रतीत फक्त इंग्रजीचे नियम भरलेले असत. मराठी मागितलं तरी ती मुकाट्याने इंग्रजी अंक आणि मिलियनचा स्वल्पविराम देई. चूक झाल्याचा संदेशही नाही. एका मशीनवर १२ वी आवृत्ती राहून गेली आणि दुसऱ्यावर नवी असली, तर एकच टेस्ट दोन निकाल देणार. लॉगवर नोडची आवृत्ती असेल तर उत्तर डोळ्यांसमोर असतं.

फॉन्टचंही असंच. ताज्या क्लाउड मशीनवर बहुधा देवनागरी फॉन्ट नसतो, बिलाच्या पीडीएफमध्ये अक्षरांच्या जागी चौकोन येतात, आणि फक्त मजकूर तपासणारी टेस्ट तरीही पास होते, कारण आत मजकूर बरोबरच असतो. आणि "ॲ" या अक्षराने तर आम्हाला फार छळलं. हे स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आलं. त्याआधी लोक "अ" लिहून त्यावर चंद्र देत, आणि काही कीबोर्ड अजूनही तसंच देतात. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात. मशीनला ते दोन वेगळे मजकूर असतात, आणि युनिकोडचं प्रमाणीकरण केलं तरी ते एक होत नाहीत. अशा वेळी "अपेक्षित ॲसिड, मिळालं ॲसिड, टेस्ट फेल" अशी ओळ लॉगवर दिसते आणि माणूस चक्रावतो. आता तुलना फसली की आमचा लॉग प्रत्येक अक्षराचा युनिकोड क्रमांकही छापतो.

डेटाची आवृत्ती का, ते या शहरात राहणाऱ्याला लगेच पटेल. २०२३ मध्ये आमच्या औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं आणि उस्मानाबादचं धाराशिव. पुढे अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांच्या मराठी यादीत औरंगाबाद पाचवं होतं: अकोला, अमरावती, अहमदनगर, उस्मानाबाद, मग औरंगाबाद. नव्या यादीत उस्मानाबाद वरून निघून ध च्या रांगेत गेलं आणि आपलं शहर चंद्रपूरनंतर, आठव्या जागी आलं. कुणीतरी टेस्टमध्ये "यादीतला पाचवा जिल्हा निवड" असं लिहून ठेवलं होतं. नव्या यादीत पाचवा गडचिरोली. बिल गडचिरोलीच्या पत्त्यावर निघालं. तेही एकाच मशीनवर, कारण दुसऱ्यावर जुनी यादीच होती. जागेने निवडणं हीच मुळात चुकीची सवय, ती सुधारली. पण दोन मशीनवर दोन याद्या आहेत हे शोधायला दिवस गेला, तो लॉगवर यादीची आवृत्ती नव्हती म्हणून.

हे सगळं लिहायचं कुठून? फार खटपट नाही. पायथॉनचं पायटेस्ट रनच्या सुरुवातीला प्लॅटफॉर्म, पायथॉनची आणि स्वतःची आवृत्ती आपणहून छापतं. त्यात आपल्या ओळी घालायला एक ठरलेली जागा दिलेली आहे. एक छोटं फंक्शन लिहिलं की आपला मजकूर त्या मथळ्यात येतो. जेयुनिटच्या पद्धतीची एक्सएमएल फाईल बहुतेक साधनं बनवतात. तिच्यात मशीनचं नाव, वेळ आणि आपल्याला हव्या त्या जोड्या ठेवायला रकाने आहेतच, बहुतेक जण ते रिकामे सोडतात. टेस्ट चालवायला लावणारा सर्व्हर जेनकिन्स असेल तर काम कुठल्या मशीनवर गेलं ते तो टेस्टला कळवतो, तेवढं उचलून लिहायचं. माझ्या मते मजकूर दोन ठिकाणी असावा: माणसाला वाचायला लॉगच्या माथ्यावर, आणि नंतर शंभर रन चाळायला रकान्यांच्या स्वरूपात वेगळ्या फाईलमध्ये. पहिली टेस्ट सुरू व्हायच्या आधीच लिहावा. शेवटी लिहू म्हटलं आणि मशीन मध्येच बंद पडलं, तर ज्या रनची माहिती सगळ्यात जास्त हवी त्याचीच मिळत नाही.

माहिती गोळा करणाऱ्या कोडमुळे टेस्ट थांबता कामा नये. एखाद्या मशीनवर बॅटरीची फाईल नसेल, तर तिथे "मिळाली नाही" असं लिहून पुढे जावं. ओळच गाळू नये. कारखान्यात रिकामा रकाना चालत नसे, लागू नसेल तिथे आडवी रेघ मारायची पद्धत होती. रेघ असली की बघितलं होतं हे कळतं.

एक गोष्ट मात्र कधीच करू नये. सोपं म्हणून मशीनवरची सगळी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्रॅमना पुरवलेली सेटिंग, लॉगमध्ये ओतायचा मोह होतो. त्यात डेटाबेसचे पासवर्ड असतात, बाहेरच्या सेवांच्या किल्ल्या असतात. लॉग ईमेलने फिरतो, ग्राहकाला जातो, वर्षानुवर्षं पडून राहतो. म्हणून हवी तेवढीच नावं निवडून घ्यावीत, आणि नको ती वगळण्यापेक्षा हवी ती मोजून घेण्याची पद्धत ठेवावी. फोल्डरच्या पत्त्यांत माणसांची नावं येतात, तेही बघावं.

एवढं लिहूनही प्रोसेसरच्या मॉडेलची ओळ कधी कामाला येणार, असं कुणी विचारतं तेव्हा मी १९९४ सालची हकिकत सांगते. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या लिंचबर्ग कॉलेजात थॉमस नाइसली हे गणिताचे प्राध्यापक जुळ्या मूळ संख्यांची गणितं संगणकावर चालवत होते. उत्तरं जुळेनात. त्यांनी आधी स्वतःचा प्रोग्रॅम तपासला, मग एकेक शक्यता बाद करत गेले आणि तेच गणित दुसऱ्या मशीनवर चालवून पाहिलं. जुन्या ४८६ प्रोसेसरवर उत्तर बरोबर येई, नव्या पेंटियमवर चुकत होतं. दोष प्रोसेसरच्या भागाकारात होता. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागलं तर १.३३३८२० यायला हवं, त्या पेंटियमवर १.३३३७३९ येई. इंटेलला त्यापायी ४७.५ कोटी डॉलरचा भार सोसावा लागला. कुठलं गणित कुठल्या प्रोसेसरवर केलं हे बाजूबाजूला मांडता आलं, म्हणून ते सापडलं.

वाचायची रीतही सांगते. फेल झालेल्या रनचा माथा आणि शेवटच्या पास झालेल्या रनचा माथा शेजारी ठेवायचा आणि फक्त वेगळ्या ओळी बघायच्या. म्हणून ओळींचा क्रम आणि शब्द दर वेळी तेच ठेवावेत, म्हणजे तुलना मशीनलाच करता येते. वेळ आणि मोकळी मेमरी वेगळी असणारच, ती डोळा सरावाने सोडतो. उरलेल्यांत एखादीच ओळ असते. तिथून सुरुवात करायची. सगळ्या ओळी सारख्या निघाल्या तर तीही माहितीच आहे. मग कोडकडे वळावं, किंवा आपल्या माथ्यावर कुठली ओळ कमी आहे ते शोधावं.

आमच्या माथ्यावर आज सव्वीस ओळी आहेत. सव्विसावी मागच्याच आठवड्यात घातली: प्रिंटरच्या ड्रायव्हरची आवृत्ती. चलनाची शेवटची ओळ, सहीची, एका मशीनवर दुसऱ्या पानावर जात होती.